तुमच्या चोराला निरोप

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न वाचताच मशीनच्या खणात टाकाल, अशी धास्ती आहे. टाकू नका. माझ्या लग्नापासून आपलं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेले नाही. तुम्ही माझे लग्नाचे कपडे शिवायला नकार दिलात, मी हट्टाने दुसऱ्या शिंप्याकडे गेले, आणि दोघांनीही तोंडं फिरवली. पण आज मला माझ्या कामातली एक गंमत सांगायचीय, आणि गिऱ्हाइकांच्या गमती ऐकायला तर तुम्हाला पहिल्यापासून आवडतं.

बँकेत मी तक्रारींच्या टेबलावर बसते. 'माझ्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी केलं' असं सांगणारी माणसं माझ्याकडे येतात. बहुतेक बिचारी खरोखर लुबाडलेली असतात. पण अधूनमधून असा एखादा नग येतो, की त्याचा चोर म्हणजे तो स्वतःच! परवा एक बाई आल्या, तुमच्याच वयाच्या. कुणीतरी मेल्याने त्यांच्या कार्डावर उंच टाचांचे लाल बूट मागवले म्हणे, आणि ते सुनेला कळलं. बोलता बोलता त्या सारखे पाय खुर्चीखाली ओढून घेत होत्या. मला दिसायचं ते दिसलंच. त्याआधी एक हेडमास्तर आले होते. चोराने त्यांच्या नावाने नाचाच्या क्लासला नाव घातलं होतं. चोर क्लासला नियमित जातो आणि बरा नाचतो, हेही तेच सांगून गेले.

मला त्यांचा राग येत नाही हो. कुतूहल वाटतं. 'मला हवं होतं' असं म्हणण्यापेक्षा 'माझ्या नावाची चोरी झाली' हे म्हणणं माणसाला सोपं का जात असेल? हे कोडं काही मला सुटत नाही. ओळखायचं कसं, ते मात्र कळलंय. ज्याचं खरंच चोरीला गेलंय, तो प्रश्न विचारून जीव नकोसा करतो. कोण असेल तो, माझा नंबर त्याला कुठून मिळाला, नेमका माझ्याच मागे का लागला? खोटं बोलणाऱ्याला आपल्या चोराबद्दल काडीचंही कुतूहल नसतं. त्याला फक्त तिथून सुटायचं असतं.

तर सोमवारी दुपारी मी डबा खात होते आणि तुमच्या फोनवरून मला एक मेसेज आला. घास हातातच राहिला. डबा तसाच मिटवला आणि उत्तर लिहायचं संध्याकाळवर टाकलं. संध्याकाळ होते न होते तोच आत्याचा फोन. दादाचा फोन कुणीतरी हॅक केलाय, त्याच्या नावाने भलतंसलतं पाठवतायत, तुला काही आलं असेल तर मनावर घेऊ नकोस, आणि तू त्याच खात्यात आहेस तर तक्रार तेवढी नोंदव. मी विचारलं, आणखी कुणाला काय काय आलं? तिला नाही, काकाला नाही, एकाही गिऱ्हाइकाला नाही. कमालच म्हणायची त्या चोराची, एवढा फोन हाती लागला तरी लिहिलं फक्त मला. मग विचारलं, बाबा काय म्हणतायत, कुणावर संशय? तर म्हणाली, छे, काही विचारत नाही, मान खाली घालून काजं करत बसलाय.

बाबा, शिवण वाकडी गेली तर 'चुकलो' हा शब्द तुमच्या तोंडून कधी निघाला नाही. मी मशीनखाली चिंध्यांत खेळत असायची, आणि वरून तुमचा पडेल आवाज यायचा, 'उसवू या.' मेसेजमध्ये एवढंच होतं : 'चिंधे, उसवू या का?' जगातल्या कुठल्या चोराला हे माहीत असणार? वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. म्हणून हे लिहितेय. तुमची तक्रार मी नोंदवून घेणार नाही, आत्याला कितीही फोन करू देत. त्या चोराला सांगा, रविवारी आम्ही दोघं येतोय, त्याला पकडायला नाही, भेटायला. त्याला म्हणावं, ब्लेड काढून ठेव. एका टोकाने त्याने उसवावं, दुसऱ्या टोकाने मी उसवते.

तुमचीच, आणि ही सही खरोखर माझीच आहे,
चिंधी