पायातली पलटण

२ फेब्रुवारी
टाचेत बाभळीचा काटा. उपटून फेकला. दवाखाना-बिवाखाना न्हाई. चौदाला गावची जत्रा. आखाड्यात पंच मीच. माझ्याबिगर नारळाची पहिली कुस्ती लागत न्हाई. पुतण्या भागवत म्हणला, काका, औंदा पंचाचा फेटा मला द्या, तुमी खुर्चीवर बसा. खुर्चीवर म्हणं!

५ फेब्रुवारी
पाय सुजला. नात प्रियांका परभणीहून आली. बायोटेकला हाय. म्हणली, आबा, पांढऱ्या पेशी सैनिकावानी येतेत, जंतू मारतेत, काम झालं की आपली आपण मरतेत. ठरलेलंच असतंय. मंग सूज उतरती. मी म्हणलं, काम करणाऱ्यानंच मरायचं? ही कुठली रीत? ती म्हणली, लॅबमधी काही अँटिऑक्सिडंट, आवळ्यात-बिटात असतेत तसले, घातले की त्या लवकर मरत न्हाईत, पण आबा...
पणच्या पुढचं ऐकलं न्हाई. वेळ कुणाला हाय.

६ फेब्रुवारी
सकाळी आवळे. दुपारी बीट. सांजच्याला परत आवळे. एक बी गडी मरू द्यायचा न्हाई.

८ फेब्रुवारी, पहाटे
लघवी लाल. घाबरलो न्हाई. नुसता वरडलो. वाटलं, पलटण खालून पळून जायली. बायको नर्मदा म्हणली, डालभर बीट खाल्ल्यावर काय केशर निघंल का?

११ फेब्रुवारी
सूज डबल. म्हंजे भरती जोरात. चप्पल चढंना. प्रियांकाचा फोन. म्हणली, आवळे ऱ्हाऊ द्या, आधी टाच दाखवा. शिकलेल्यांना धीरच न्हाई.

१३ फेब्रुवारी
नर्मदानं ऑटोत कोंबून पालमला नेलं. डॉक्टरनं टाच चिरली, चिमट्यानं काट्याचं टोक काढलं. आतच मोडलं होतं. म्हणले, हे आत बसल्यावर पेशी घरी कशा जातील? आता चार दिवस पाय टेकायचा न्हाई. मी म्हणलं, उद्या कुस्त्या हायत. म्हणले, बघा की. खुर्चीवर बसून.

१४ फेब्रुवारी
खुर्ची प्लास्टिकची. एक पाय लुळा.
भागवतच्या डोक्यावर फेटा वाकडा. तरी नारळाची कुस्ती लागली. मी दोनदा वरडलो, खांदा टेकला न्हाई अजून! हलगीत कुणाला ऐकू गेलं न्हाई. तिसऱ्यांदा शेजारच्यानं चहा हातात दिला.

१८ फेब्रुवारी
सूज उतरली. अख्खी पलटण गेली. एवढे आवळे चारले, जाताना एकानं सांगितलं बी न्हाई.