दिल्लीतली चिक्की

लोणावळा,
२१ जानेवारी २०२५

प्रिय हिराआक्कास,
भिकाजीचा सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. थंडीत गुडघे कसे आहेत? कामशेतच्या बाजारात पायीच जातेस अजून?

दिल्लीचा एक दिवस आम्हाला केवढ्याला पडला, ते आधी सांगतो. यशूचा एक मोजा, तेजलच्या चपलेचा पट्टा आणि माझा ताठा. मोजा नवा मिळाला.

विक्कीचं तिकडं ऑफिसचं काम होतं, लेकामागं सूनबाई तेजल, यशू नि मीही निघालो. दोन वर्षांच्या नातीबरोबर राजधानी बघायची म्हणजे राजधानी तिच्या उंचीएवढीच दिसते. इंडिया गेटची कमान राहिली बाजूला, यशूबाई एका खारीमागं अर्धा तास!

दुपारी लोदी गार्डनला गवतावर बसलो. धुकं पुरतं विरलं नव्हतं. जुने घुमट हवेत कुणी अलगद ठेवल्यासारखे. यशू हात पसरून त्या धुरकट उन्हात चालत होती, जणू झोपेतच. तेवढ्यात पोपटांचा थवा कलकलत डोक्यावरून गेला. सगळ्यांच्या माना वर. यशूची नाही.

आक्का, मला तू आठवलीस. तिच्या वाढदिवसाला तू हळूच म्हणालीस, "भिका, पोरीला ऐकू येतंय का रं? तपास जरा." आणि मी भरल्या घरात तुझ्यावर ओरडलो, "अंगणवाडीत पोरं मोजणारी तू, मला कान शिकवू नकोस!" स्टेशनावर टोपली घेऊन चिक्की विकली, आज स्वतःची भट्टी आहे, ती या कानांवर. पाकाचा थेंब पाण्यात पडला की आवाजावरून सांगतो, उतरवायचा की नाही. यशूचे कान माझ्यावर गेलेत, असंही ऐकवलं तुला. दुकानातल्या बाकावर बसून खेळते, पाठीमागं मी चिक्की फोडली की लगेच वळून हात पुढं करते. तू जेवली नाहीस. तशीच गेलीस.

तर पोपट गेले आणि मी पिशवीतून चिक्की काढली. यशूच्या मागं बसून हातानं मोडली. कडक् वाजलं. ती वळली नाही.

"पप्पा, परत मोडा," तेजल म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच कळलं, तिला हे कधीचं ठाऊक होतं. मी चिडेन म्हणून गप्प होती.

पाच वेळा मोडली. मग चुरा उरला, तो खारींना टाकला. यशू हसली.

मी दोन्ही कानांत बोटं घालून थोडा वेळ उभा राहिलो. माणसांचे ओठ हलत होते. लांबवर बस चालली होती, पाण्यावरून नाव जावी तशी. लय सुंदर दिसत होतं सगळं, आक्का. आणि त्यात मला हाक मारणारं कुणीच नव्हतं.

शुक्रवारी पुण्यात तपासणी आहे. तेजल म्हणते, आत्या बरोबर हव्यात. मीही म्हणतो. सकाळी आठला गाडी घेऊन तुझ्या दारात थांबेन. हॉर्न वाजवणार नाही. तूच बाहेर ये.

तुझा, न ऐकणारा भाऊ,
भिकाजी

ता. क. काल दुकान उघडल्यावर बघितलं. चिक्की फोडायला मी तराजूचं वजन आपटतो की सगळा बाक हादरतो, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला यशू बसते.