बर्फावर चालणारं घर

३ जून, प्लेनो, टेक्सस
कंपनी सोडली. कंपनीनंही मला सोडलं, पण तो तपशील झाला. आता उरलेलं आयुष्य क्लायमेटसाठी.
कल्पना साधी आहे. रात्री वीज स्वस्त, तेव्हा गॅरेजमध्ये फ्रीझर लावून बर्फ करायचा. दुपारी वीज महाग, तेव्हा त्या बर्फावरून पंख्यानं घरात हवा सोडायची. एसी बंद. सगळ्या टेक्ससनं हे केलं तर निम्मे पॉवर प्लांट बंद पडतील.
बायकोला, उल्काला सांगितलं. ती म्हणाली, आधी रेझ्युमे पाठव. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.
संकल्प: सरकारी पैसा घ्यायचा नाही. त्यानं माणूस आळशी होतो. मार्केट बघून घेईल.

९ जून
सेकंडहँड फ्रीझर आणले. गॅरेज भरलं. आमच्या दोन्ही गाड्या आता बाहेर उन्हात. उल्कानं स्टिअरिंगला हात लावला आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही.

१४ जून
मार्केटला भेटलो. म्हणजे अवधूतला. कॉलेजचा मित्र, आता स्टार्टअपमध्ये पैसे घालतो. दोन प्लेट पोहे खाल्ले आणि विचारलं, यार, प्रॉफिट कधी? म्हटलं, सात-आठ वर्षांत. म्हणाला, मग तेव्हाच फोन कर.
सिया इकॉनॉमिक्स शिकते. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स द होल पॉइंट." हवा सुधारली तर फायदा सगळ्यांचा, मग एकटा कोण कशाला रिस्क घेईल? म्हणून सुरुवातीचा रिसर्च पब्लिक पैशातून होतो. सोलरचंही तसंच झालं म्हणे.
मी म्हटलं, मला माहीत होतं.

१५ जून
नव्या टेक्नॉलॉजीच्या सरकारी फंडाला अर्ज केला. संकल्प मोडलेला नाही. इतकी वर्षं टॅक्स भरला. माझेच पैसे मला भेटायला येणार आहेत.

२ जुलै
किरकोळ अडचण. फ्रीझर आत गार करतो, पण मागून गरम हवा सोडतो. गॅरेजची भट्टी झाली आहे. भिंतीपलीकडे गेस्टरूम. तिथे उल्काची आई उतरली आहे. सकाळी म्हणाल्या, "जावईबापू, अगदी नागपूरसारखं वाटून राहिलं."
युजर फीडबॅक उत्तम.

१८ जुलै
फंडाचे दोन तज्ज्ञ पाहायला येणार. एसी बंद ठेवला. सकाळी बर्फ भरपूर होता. तज्ज्ञ यायचे अकराला, आले दोनला. तोवर ड्राइव्हवेवर तळं.
मधल्या वेळात सासूबाईंना घेरी आली. उल्कानं मला न विचारता एसी लावला.
तज्ज्ञ आले तेव्हा घर मस्त गार. त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, इम्प्रेसिव्ह. मी नम्रपणे मान झुकवली. खोटं एक अक्षर बोललो नाही. मुळात बोललोच नाही.
सिया म्हणाली, "दॅट्स द एसी."
मुलगी सत्यवादी असावी. पाहुण्यांसमोर थोडी कमी असावी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सासूबाई बऱ्या आहेत. सोफ्यावर बसून ताक प्यायल्या. उल्का माझ्याशी बोलत नाही. दुपारी सासूबाईंचा हात धरला तेव्हा तो घामानं गारठलेला होता आणि मी भयंकर घाबरलो होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

५ ऑगस्ट
फंडाच्या बाईंचा फोन. अर्ज नामंजूर. माझं मशीन एसीपेक्षा जास्त वीज खातं म्हणे. मोठ्या कल्पनांना भूक मोठी असते.
पण खरी बातमी पुढे! सरकारी खर्चानं एक युनिव्हर्सिटी घरं गार ठेवण्याचा प्रयोग करते आहे आणि त्यात बाईंच्या शिफारशीनं आमचं घर निवडलंय. आमची भूमिका: कंट्रोल.
कंट्रोल! लगेच इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. अभिनंदनांचा पाऊस. अवधूतला वेगळा मेसेज केला. आता बस म्हणावं पोहे खात.

६ ऑगस्ट
सियानं कंट्रोलचा अर्थ सांगितला. बाकीच्या घरांत नवीन मशीन बसवणार. आमच्या घरात फक्त एक मीटर. त्यांची वीज किती वाचली हे कळायला, जिथे काहीच केलेलं नाही असंही एक घर लागतं.
वर्षभरासाठी अट एकच: घरमालकानं घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही.
उल्कानं ती अट दोनदा मोठ्यानं वाचली. मग बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसली आणि स्वतः उठून सहीसाठी पेन आणून दिलं.