सोडलेला इंच

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मी चौकट म्हटलं की तू चौकशी ऐकतोस आणि मग अर्धा तास भलत्याच गोष्टीची चौकशी करत बसतोस, म्हणून लिहिते आहे. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत असं वहिनी सांगते, तेव्हा नीट वाच.

ह्यांच्या पायाची जखम आता पूर्ण भरली. गुडघ्याखाली पाय काढला तेव्हा वाटलं होतं, जखम भरली की सुटलो. पण ह्यांनी आता वेगळंच डोक्यात घेतलं आहे. इस्पितळाला लागून जे निवासी केंद्र आहे ना, सध्या हे जिथे आहेत, तिथेच कायमचं राहायचं म्हणतात. का, तर आपल्या न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही, शिवाय तिथे उंबऱ्याची पायरी. म्हणजे रोज सकाळी कोणीतरी पोत्यासारखं उचलून आत न्यायचं. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाले, तू आहेस म्हणूनच नको. जन्मभर बस चालवून लोकांना जागच्या जागी पोचवलं, आता मला पोचवायला माणूस लागला तर घरी येऊन काय करू? केंद्रात एक जागा रिकामी आहे आणि महिनाअखेरीला हो की नाही ते सांगायचं आहे. एकदा तिथे सामान लावलं की हे पुन्हा हलायचे नाहीत, मी ह्यांना ओळखते. मुलगी तिच्याकडे चला म्हणते, पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे खुर्चीसकट उचलावं लागेल.

तर सगळं घोडं अडलं आहे एका दारापाशी. गवंडी येऊन गेला. भिंतीवर टकटक केलं, मान हलवली, चहा घेतला आणि उद्या येतो म्हणाला. तो उद्या अजून उगवायचा आहे. दुसऱ्याने फोनवरच हात वर केले. तेव्हा हे काम आता मीच करणार आहे. हसून घे एकदाचा. बाबांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. हातोडा आहे, छिन्नी आहे, आणि पहिला इंच मोडलेली ती लाकडी पट्टीही आहे. आठवते ना? एकच्या रेघेपासून मोजायचं आणि आलेल्या मापातून एक सोडायचा. मी विसरले की बाबा टपली मारून म्हणायचे, एक सोड. अजूनही पट्टी हातात घेतली की मान आपोआप आत जाते.

बाबांचा सुतारकीचा हात तुझ्याकडे आला, माझ्याकडे नुसती पेटी आली. तेव्हा काय कसं फोडायचं ते लिही आणि चौकट नि दार तू करून पाठव. ह्यांच्या शेवटच्या फेरीची वाट बघत मी जन्मभर ताट झाकून ठेवलं. आता हे येणारच नाहीत, हे मला चालायचं नाही.

लोभ आहेच, तो असू दे. उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी,
बारकी

७ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं, मग वहिनीने वाचलं, मग तिने मला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मी पहिल्यांदा वाचून गप्प बसलो ते तिला आवडलं नाही. मी हसलो नाही. लहानपणी तू बाबांच्या रंध्याने दप्तराची पाटी गुळगुळीत करायला गेली होतीस आणि पाटीही गेली नि रंधाही, ते मात्र आठवलं.

नीट ऐक. हातोडा उचलण्याआधी दाराच्या वरचा गिलावा खरवडून बघ. दारावर काँक्रीटचा एक आडवा पट्टा असतो, त्यावर वरच्या भिंतीचा भार असतो. तो ज्या बाजूला लांबवर भिंतीत गेला असेल त्याच बाजूला दार रुंद कर आणि पट्ट्याचं टोक वीतभर तरी भिंतीवर राहू दे. पट्टा आखूड निघाला तर हत्यार खाली ठेव आणि मला कळव, तिथे हट्ट चालणार नाही. भिंतीत वायर जात असेल तर मुख्य बटण बंद. पाण्याचा नळ बंद. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं. वरून खाली फोडत ये, खालून वर नाही.

उंबरा काढलास की फरशीला ढाळ दे, पाणी मोरीकडे गेलं पाहिजे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, तांब्याभर पाणी ओत आणि ते कुठे जातं बघ.

मला फक्त खुर्चीची रुंदी पाठव. हाताने फिरवायच्या ज्या बाहेरच्या कड्या असतात ना, त्या धरून. दार उघडं असताना खुर्चीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा राहील अशी चौकट करतो. तुझ्या पाठीचं दुखणं मला माहीत आहे, तेव्हा ओझी उचलायला कोणाला तरी बोलाव. जावईबापूंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, भलता बाणेदारपणा आमच्या बहिणीला महागात पडतो आहे.

आशीर्वाद आहेतच, ते हातोडा मारतानाही असतील.

दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टा लांब निघाला. कपाटाच्या बाजूला चांगला हातभर आत गेला आहे. ज्याने हे घर बांधलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले आणि पदर खोचला.

पहिला घाव घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याच घराची भिंत, तिच्यावर हात उगारायचा म्हणजे चोरी करतोय असं वाटतं. पण एक वीट निघाली की दुसरी आपण होऊन हलते. शेजारची शिंपीणबाई आवाज ऐकून भांडायला आली आणि घमेली उचलायला थांबली. तिची जीभ कात्रीसारखी चालते, पण हातही तसेच चालतात. संध्याकाळी आरशात पाहिलं तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते.

ढाळाने नाकी नऊ आणले. उंबरा फोडून सिमेंट केलं, तुझं ऐकून तांब्या ओतला, तर पाणी मोरीकडे पाठ फिरवून थेट झोपायच्या खोलीत. शिंपीणबाई म्हणाली, वाळू दे, मग पायपुसणं टाकू. मी म्हटलं, ह्यांच्या खुर्चीची चाकं रोज ओल्यातून जाणार का? ओलं होतं तोवर सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा केलं. आता पाणी मुकाट्याने मोरीत जातं. मी दिवसातून दोनचार वेळा उगाचच ओतून बघते.

काल केंद्रात जाऊन खुर्ची मोजली. बाबांच्या पट्टीने, दोनदा. सव्वीस इंच, कड्या धरून. हे विचारत होते काय चाललंय, तर म्हटलं गादीला खोळ शिवायची आहे. खोळीला चाकं कशाला मोजतेस, म्हणाले. तोपर्यंत मी जिन्यात होते. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं आणि जमलं नाही, तर त्या माणसाचा घरावरचा उरलासुरला विश्वासही जाईल. एवढंच म्हटलं आहे की महिना संपेपर्यंत कोणाला हो म्हणू नका.

चौकट लवकर पाठव. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो भिंतीसारखा फोडून रुंद करावा.

बारकी

२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी चौकट फार सुंदर आहे आणि तिचा काही उपयोग नाही.

टेम्पोवाल्याने नीट आणली. चौकट सरळ उभी राहावी म्हणून शिंपीणबाईने ओळंबा धरला, मी पाचरी ठोकल्या, सिमेंट भरलं, पुरतं वाळू दिलं. दार बिजागऱ्यांवर चढवलं, तर एका बोटाने उघडतंय असं. मग औषधांच्या दुकानातून ह्यांच्यासारखीच खुर्ची भाड्याने आणली. शिंपीणबाई ऐटीत बसली, मी मागून ढकललं आणि खुर्ची दारात अडकली. मागे येईना नि पुढे जाईना. बाई आत, मी बाहेर, मध्ये खुर्ची. तिने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. शेवटी तिला उतरून पलीकडे जावं लागलं, तेव्हा खुर्ची कशीबशी सुटली. तुझ्या पॉलिशवर दोन्हीकडे काळे ओरखडे आले आहेत.

तू अर्धा अर्धा इंच मोकळा ठेवणार होतास. तो गेला कुठे? मी पुन्हा मोजलं. खुर्ची सव्वीस, आणि दार उघडल्यावर उरते ती वाटही सव्वीस, एका केसाचीही सवलत नाही. दादा, तुझ्या हातून असं कधी झालेलं नाही. मला राग आला आहे आणि मला रडूही येतं आहे. चौकट सिमेंटात घट्ट बसली आहे आणि महिना संपत आला आहे.

काय झालं ते लगेच कळव.

बारकी

२५ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कारखान्यात गेलो आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं माप पाहिलं. पंचवीस. तू सव्वीस लिहिलंस आणि बाबांच्या पट्टीने मोजलं असंही लिहिलंस. मी म्हटलं, ही नेहमीसारखी एक सोडायला विसरली असणार. म्हणून तुझ्या वतीने मी सोडला.

तू आधीच सोडला होतास, होय ना? म्हणजे बाबांचा एक इंच आपण दोघांनी सोडला. माझ्या डोळ्यांसमोर अजून टपली खाणारी बारकी आहे, तिथे चुकलं. विचारायला हवं होतं.

आता असं कर. केंद्रात तात्पुरतं हो म्हणून सांग. मी नवी चौकट करायला घेतो, लाकूड बघावं लागेल, तीनेक आठवडे जातील. घेऊन मी स्वतः येतो आणि बसवूनही देतो. तू आणखी फोडाफोडी करू नकोस. तू केलंस तेच खूप आहे, बाकीचं माझ्यावर सोड.

माया आहेच, आणि या वेळी थोडी शरमही आहे.

दादा

२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नवी चौकट करू नकोस.

मी एकसष्ट वर्षांची आहे, दादा. एक सोडायला मी कधीच शिकले. पण तुझं पत्र वाचून राग गेला, कारण बाबा असते तर त्यांनी दोघांनाही टपली मारली असती.

तात्पुरतं हो मी म्हणणार नाही. ह्यांच्या बाबतीत तात्पुरतं म्हणजे कायमचं. म्हणून तुझं पत्र हातात धरून मी त्या दारासमोर स्टुलावर बसले आणि दार उघडबंद करत राहिले. आणि मग दिसलं. दार उघडलं की त्याची फळी चौकटीच्या आतच उभी राहते. तुझी फळी किती जाड आहे? बरोबर एक इंच. आपण दोघांनी सोडलेला इंच त्या फळीने अडवून धरला होता.

दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. शिंपीणबाई पुन्हा बसायला तयार नव्हती, तेव्हा मीच बसले आणि हाताने कड्या फिरवत आत गेले. अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे, तू म्हणाला होतास तसा.

पण बिनदाराच्या न्हाणीघरात हे पाऊल ठेवायचे नाहीत. पडदा लावला असता, पण पडदे त्यांनी इस्पितळात पुष्कळ पाहिले. मग कपाट रिकामं करून दुसऱ्या भिंतीला सरकवलं, दुकानातून लोखंडी रूळ नि चाकं आणली आणि तुझं दार बाहेरून भिंतीला लावून टांगलं. थोडं अरुंद होतं, म्हणून एका कडेला जुन्या फळीची पट्टी जोडली. आता ते सरकतं. दुकानदाराने विचारलं मिस्त्री कोण, मी म्हटलं समोर उभी आहे. त्याने रुळाबरोबर चार स्क्रू जास्त दिले.

दार आतून लावायच्या आकडीची जागा ठरवायला पुन्हा खुर्चीत बसले. डोळे मिटले, हात पुढे केला, जिथे पडला तिथे खूण केली.

उद्या ह्यांना सांगायला जाते. लोभ होता तेवढाच ठेव, त्यातला एकही सोडू नकोस.

बारकी

५ एप्रिल

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचा मला सराव नाही, पण हिने कागद पुढे ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते आहे, म्हणजे लिहिणं भाग आहे.

ही केंद्रात आली आणि म्हणाली, घरी चला, दार रुंद केलं आहे. मी विचारलं कोणी केलं. हात पुढे केले तिने. नखं फुटलेली, अंगठ्याला चिंधी, तळव्यांना घट्टे. मी लगेच बॅग भरायला सांगितलं.

घरी आल्यावर मी लांबूनच त्या दाराकडे पाहिलं. बसच्या काचेतून गल्ली पाहिली की जाणार का नाही ते मला नुसत्या नजरेने कळायचं. मी म्हटलं, जाणार नाही. त्यावर शेजारची शिंपीणबाई जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. मग मी कड्यांना हात घातला. दोन्हीकडची चौकट माझ्या बोटांजवळून गेली आणि लागली नाही. तुमच्या पॉलिशवरचे ओरखडे तेवढे दिसले. चुकीच्या मापाचे म्हणे. ते घासून काढू नकोस असं मी हिला सांगितलं आहे.

आत गेल्यावर मी मागे वळून दार सरकवलं. ही बाहेरून म्हणाली, थोडं उघडं ठेवा, काही लागलं तर. हात सहज पुढे केला, तर आकडी तिथेच होती, हाताखाली. शोधावी लागली नाही. दादा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक दार मी माझ्या हाताने आतून लावलं. मग नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. पाणी सगळं मोरीकडे गेलं.

बाहेर आलो तेव्हा ही भिंतीला टेकून उभी होती. इतका वेळ काय करत होतात, म्हणाली. मी म्हटलं, ढाळ बघत होतो, चांगला आहे.

वहिनींना नमस्कार. दोघांनी एकदा या. खुर्चीच्या कड्यांना बोटं नीट धरली की कुठेही लागत नाही, तुम्हाला बसवून दाखवतो.

आपला,
घरी असलेला मेहुणा