विहीणबाईंचा पाय

सोमवार
आधी आली वरच्या मजल्यावरची शिंपीण, मागोमाग तिची सासू, आणि चहा उकळेपर्यंत अख्खा जिना माझ्या लेकीच्या घरात! मला बघायला हो, नवी आले ना राहायला. शिंपीण सांगत होती, इथले सगळे दवाखाने म्हणे एका साखळीत बांधलेत. अंगठा लावला की कुठल्याही डॉक्टरला आपलं दुखणंखुपणं दिसतं, आणि एकदा लिहिलेलं कुणाच्या बापालाही खोडता येत नाही. मी म्हटलं, माझंही अक्षर तसंच, एकदा लिहिलं की मलासुद्धा वाचता येत नाही! जावईबापू पोट धरून हसले.

मंगळवार
विहीणबाईंना दवाखान्यात नेलं. साखरेनं त्यांच्या डाव्या पायाची बोटं काळी पडलीत. भांडी घासून घासून अंगठा असा गुळगुळीत की यंत्र ओळखेचना. मागची रांग कुरकुरायला लागली. मी म्हटलं, सरका विहीणबाई, माझा लावते, आपण काय परक्या आहोत? लगेच हिरवा दिवा, नवं पान उघडलं! डॉक्टरांनी लिहिलं, पाय कापावा लागेल. बिचाऱ्या रडल्या.

शुक्रवार
दवाखान्याची दोन माणसं आली, गोड बोलणारी. मलाच म्हणाली, चला आजी, पाय कापायचाय. मी विहीणबाईंकडे बोट दाखवलं. त्यांचा अंगठा लागेना, माझा लावला तर यंत्रात कापायचा पाय माझाच निघाला. मी उठून नाचून दाखवलं! त्यांनी लिहून घेतलं, रोगी भ्रमिष्ट.

शनिवार
लेक दवाखाने पालथे घालून आली. सगळीकडे तेच. खोडता येत नाही, फक्त पुढे जोडता येतं. जावईबापू भांडले तर जोडलं, घरचे आडकाठी करतात, जबरदस्तीनं न्यावं.

सोमवार
चौघं आले. जावईबापूंचं तोंड चौकटीवर आपटलं, दात माझ्या पदरात— लेकीला मोरीत कोंडलं. मी लाटण्यानं एकाचं नाक फोडलं. चांगलं फोडलं. मग सुई—

मंगळवार
घरी आणून टाकलंय. डाव्या पायाला बोटं नाहीत. एकही नाही. आधी बोटं म्हणे, पाय नंतर. अजून आजीच म्हणतात मेले.

बुधवार
विहीणबाईंचा पाय नासला. वास— त्यांना कुणी डॉक्टर शिवत नाही, यंत्रात त्यांना काही झालेलंच नाही. दोघी हात धरून पडलोय. रक्त थांबत—

गुरुवार
उरलेलं न्यायला येतो म्हणाले होते तो वार हाच. लेकीनं दाराला कपाट लावलंय. जावईबापू पाठ लावून— कपाट सरकतंय, लेक किंचा—