नकाशावरची रिकामी जागा

४ फेब्रुवारी

सही केली नाही.

किनारा विकास आराखड्यातला "सध्याचा जमीन वापर" हा नकाशा. सल्लागार कंपनीने पाठवला, साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला. "तपासले" या शब्दासमोर माझी सही हवी. बाकी सगळं नीट आहे. मासळी बाजार लाल, गोदामं जांभळी, रस्ता करडा. आणि धक्क्यापलीकडचा उतार, जिथे मामा आणि त्याचे जोडीदार होड्या दुरुस्त करतात, तो पांढरा! शेजारी बारीक अक्षरात: "रिकामी जागा. वापरात नाही."

त्या वापरात नसलेल्या जागेचं डांबर माझ्या शाळेच्या गणवेशावरून कधी निघालं नाही.

चूक कुठे झाली ते पाहणीची तारीख बघताच कळलं. जानेवारी. जानेवारीत मासेमारी जोरात असते, होड्या पाण्यात असतात. त्या वर येतात बंदीच्या महिन्यांत, मासेमारीला मनाई असते तेव्हा. तेव्हा त्या उतारावर पाय ठेवायला जागा नसते. कंपनीची माणसं जानेवारीत आली, उतार मोकळा दिसला, तसं लिहून गेली. खोटं लिहिलं नाही. दिसलं ते लिहिलं. असली चूक निस्तरणं सगळ्यात अवघड — ती करणाऱ्याची मान ताठ असते.

साहेब म्हणाले, "मॅडम, नकाशाला ऋतू नसतात."

मी म्हटलं, "वापराला असतात."

५ फेब्रुवारी

उतारावर काम करणारा माणूस माझा सख्खा मामा आहे, असं साहेबांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, हसले. "हे शिपायालाही माहीत आहे."

माहीत असणं वेगळं. नोंद असणं वेगळं.

१० फेब्रुवारी

आराखडा वाईट नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसात मी आराखड्याच्या विरोधात आहे अशी हवा झाली आहे. धक्क्यावर दिवे हवेत. बसायला जागा हवी. मासळी बाजाराला पाण्याची सोय आणि नीट गटार हवं. कामासाठी गाव सोडून गेलेली निम्मी मुलं परत यावीत असं मलाही वाटतं. फक्त उताराच्या जागी वाहनतळ नको.

चार दिवस बसून पर्याय काढला. फिरायचा रस्ता उताराच्या मागून न्यायचा. थोडं वळण पडतं. वाहनतळ निम्मा होतो. बाकी काही बिघडत नाही.

सल्लागाराने कागद दोन बोटांत धरला. "गाडी लावायला जागा नसेल तर येईल कोण, मॅडम?"

"ज्यांना पाय आहेत ते."

साहेबांनी खोकल्याचं नाटक केलं. सल्लागार पुढे बोलत राहिला. रोजगार, गुंतवणूक, उत्पन्न. मी विचारलं, तुमच्या रोजगाराच्या तक्त्यात होडीचे सुतार कुठे आहेत? तर म्हणे, जागाच रिकामी आहे, माणसं कुठून येणार!

म्हणजे आधी माणसं पुसायची, मग म्हणायचं माणसं नाहीत. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. पण इथे आंधळं कुणीच नाही.

१९ फेब्रुवारी

वरची तपासणी समिती येणार. ३ मार्चला. म्हणजे ऐन हंगामात!

"बंदी लागेपर्यंत थांबता येणार नाही?" मी विचारलं.

"निधी थांबत नाही." साहेबांनी मान वर केली नाही.

२० फेब्रुवारी

ऑफिसातून थेट मामाकडे. तो फळी तासत होता. सगळं सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला नाही.

"सोपं आहे. त्या दिवशी सगळ्या होड्या वर ओढू. बघू दे डोळे भरून."

"नाही."

"का? वर्षातले तीन महिने असतातच की वर."

"ते तीन महिने मार्चमध्ये येत नाहीत."

"फूटपट्टी!" मामा मला लहानपणापासून हेच म्हणतो. "तू जन्मलीस तेव्हा डॉक्टरने तुझं वजन केलं नाही, तूच त्याचं केलंस."

मी हसले नाही. समजावलं. दाखवायला आणलेली एक होडी जरी पकडली गेली, तर आपले खरे तीन महिनेही खोट्यात जमा. त्यापेक्षा उतार मोकळाच राहू दे. मोकळ्या उतारावरच पुरावा आहे. होड्या ओढून ओढून दगडात पडलेल्या खाचा, दोर बांधायच्या लोखंडी कड्या, डांबराने काळी झालेली फरशी. मी प्रत्येक खाच मोजून नकाशावर घेतली आहे. समितीला तेच दाखवणार.

मामाने फळी उलटी केली.

"बरं बाई. तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण हरलो तर रंधा घेऊन तुझ्या खोलीत येऊन बसेन."

"ये. दारं फुगलीच आहेत."

२ मार्च

दिवसभर साहेबांनी मला मुख्य कार्यालयात पाठवलं. काम काय — एका नकाशाच्या प्रती आणणे! शिपायाचं काम. आणल्या. उद्याची तयारी झाली आहे.

३ मार्च

उतारावर पोचले आणि पाय थांबले. सगळ्या होड्या वर! एकाला एक चिकटून, ओल्या, शेवाळ न खरवडलेल्या. एका होडीत कालचं जाळं तसंच पडलेलं.

मामा शब्द मोडेल असं वाटलं नव्हतं. तो समोरच उभा होता, जोडीदारांसोबत, धुतलेला शर्ट घालून. माझ्याकडे बघून जरासा हसला. काम फत्ते केल्यासारखा! माझा संताप झाला. शिवाय माझ्या सगळ्या खाचा होड्यांखाली झाकल्या गेलेल्या.

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर, बारीक, पायात बूट. म्हणाल्या, "ही रिकामी जागा?" सगळे हसले. जोडीदारांपैकी एकाने टाळीसुद्धा वाजवली. तेवढ्यात साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "आमच्या मॅडमना विचारा. त्यांना इथलं सगळं ठाऊक आहे. घरचंच आहे त्यांच्या."

बाई माझ्याकडे वळल्या. "ह्या होड्या दुरुस्तीला आणल्यात?"

हो म्हणणं फार सोपं होतं. एक अक्षर.

"नाही," मी म्हटलं. "आज दाखवायला ओढल्यात. मार्चमध्ये हा उतार मोकळा असतो."

मामाकडे बघितलं नाही मी, पण त्याच्या बाजूने काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. सल्लागार मोबाइल उघडून पुढे सरसावला होता. त्यावर मोकळ्या उताराचा फोटो, कालची तारीख. त्याने तो बंद करून खिशात टाकला.

"मग इथे नेमकं काय असतं?" बाईंनी विचारलं.

मी एक होडी बाजूला घ्यायला सांगितली. कुणी हललं नाही. दोनदा सांगितलं. शेवटी मीच फरशीवर गुडघे टेकले आणि होडीखाली हात घालून खाच दाखवली. "ही एका दिवसात पडत नाही. बंदीच्या महिन्यांत परत या, मग होड्या आपल्या कामासाठी आलेल्या दिसतील. तोवर हा नकाशा अर्धा आहे. अर्ध्या नकाशावर मी सही करणार नाही."

बाई वाकल्या. स्वतः बोट फिरवून पाहिलं. बोट काळं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं नाही.

निघताना मामाजवळून गेले. त्याने तोंड फिरवलं.

४ मार्च

समितीचा शेरा आला: बंदीच्या काळात फेरपाहणी. तोवर उताराबद्दल निर्णय नाही.

दुपारी दुसरा कागद. माझी बदली मलनिस्सारण विभागात. तळमजला, खिडकीसमोर भिंत.

ठीक. गटारालाही उतार लागतो, आणि तो चुकला की सगळ्या शहराला वास येतो. तिथेही मी बरोबरच मोजणार.

१७ मार्च

मामा बोलत नाही. आई मधल्या मधे सांडशीतल्या भांड्यासारखी. आज म्हणाली, "तो म्हणतो, भाचीनेच केसाने गळा कापला."

"शब्द त्याने मोडला, आई."

"तो म्हणतो तू."

मी? मी कुठला शब्द मोडला? विचारलं तर आई म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा, मला पोळ्या करू द्या.

९ एप्रिल

तो मोठा आहे, मी लहान. म्हणून माफी मी मागावी, असं सगळ्या नातेवाईकांचं एकमत आहे. इतकं एकमत आमच्या घरात लग्न ठरवतानाही झालेलं नाही.

नाही मागणार. चुकीची असते तर पहिल्या दिवशी मागितली असती.

२ मे

तळमजल्यावर दोन मोठ्या चुका सापडल्या. दुरुस्त केल्या. नवे साहेब घाबरून वागतात.

१ जून

बंदी लागली. सुट्टी घेऊन लांबून, धक्क्यावरून पाहिलं. होड्या वर येतायत. कुणी न सांगता, एकेक, आपल्या आपण. दोराला दहाबारा माणसं, पुढे मामा ओरडतोय. फेरपाहणीवाले तिथेच उभे, लिहून घेतायत. त्यांच्यात मी नाही. नातं आहे म्हणून मला घेतलं नाही. बरोबर केलं. मीही हेच केलं असतं.

११ जून

नकाशा बदलला. उतार निळा. "होडी दुरुस्ती, हंगामी वापर." रस्ता मागून वळणार. वाहनतळ निम्मा. पर्याय माझाच, खाली नाव सल्लागाराचं. असू दे. वळण माझं आहे, ते नावाने सरळ होत नाही.

मामाला कळलं असेल. फोन नाही. मीही केला नाही.

१३ जून

मामा आला. आत आला नाही, उंबऱ्याशीच थांबला. म्हणाला, "जागा राहिली, तुझे उपकार. पण एक विचारून जातो, नाहीतर झोप लागायची नाही. होड्या वर ओढा म्हणून निरोप तूच धाडलास. मग चारचौघांत उलटलीस का?"

"कुठला निरोप?"

"आदल्या संध्याकाळी. तुझ्या साहेबांचा ड्रायव्हर आला होता. म्हणाला, मॅडमचा विचार बदललाय, त्यांना आज स्वतः येता येत नाही."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, मग कठीण झाला.

"म्हणजे तू हो म्हणाली असतीस, तर..."

तर सल्लागाराने खिशात टाकलेला तो कालच्या तारखेचा फोटो बाहेर निघाला असता, आणि आम्ही दोघं खोटे ठरलो असतो.

उद्या ऑफिस उघडलं की मामाला घेऊन थेट जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये. ड्रायव्हरला त्यात ओढायचं नाही, त्याने फक्त पोचवलं. मामा म्हणतो, मी तिथे काय बोलणार? काही नाही, मामा. हे एवढंच पुन्हा सांग, त्यांच्या डोळ्यांत बघून. पुढचं मी बोलते.