सत्तावन्न मिलीअँपिअर

३ जानेवारी, शनिवार
आमची लेक वैशू, डोंगरातल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते ती, दुपारच्या जीपने वरून तळोद्याला आली. पोरीच्या पिशवीतून निघालं काय, तर डीव्हीडी रायटर! शाळेतल्या भंगार कॉम्प्युटरमधला. प्रयोगाचा लेसर पॉइंटर मेला, तोही सोबत.
"नाना, यामाईन लेसर काढी द्या. पोरीस्ले केसनी जाडी मोजीसन दखाडनी शे."
"बाजारमा भेटस ना."
"माले तुम्ही करेलच जोयजे."
कळतं मला. ऑगस्टात लकव्याचा झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद. एकतीस वर्षं सोल्डरिंग आयर्न धरला त्या हाताने. हो म्हणालो नाही, नाहीही नाही.

५ जाने.
रायटर उघडला. चार स्क्रू, डावा हात, पाऊण तास. आत दोन लेसर डायोड, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. दोन्हींच्या पायांना बारीक तांब्याची तार गुंडाळून ठेवली. अंगातल्या स्थिर विजेनेही मरतात. हे गेले तर दुसरे नाहीत.
थेट अडॅप्टर लावला तर क्षणात खलास. करंट बांधून द्यायला हवा. एलएम ३१७ रेग्युलेटर आणि एक रेझिस्टर, बस्स. १.२५ व्होल्ट भागिले २२ ओम = ५७ मि.अँ. याहून जास्त नको, मुलींच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.
हिशेब डोक्यात झाला. डोकं शाबूत आहे म्हणजे.

८ जाने.
डाव्या हाताने पहिला टाका: नुसता गोळा. दुसरा: गोळा, शिवाय बोटाला चटका. तिसऱ्याला आयर्न आपटला.
बायको, निर्मला, तव्यावरची भाकर सोडून आली. बोर्ड कपड्यांच्या चिमट्यात धरला, दुसऱ्या हातात सोल्डरची तार. मी म्हटलं, हालू नको.
"माले हालू नको म्हणतस, नि हात तुमनाच हाली ऱ्हायना!"
दोघंही हसलो. किती महिन्यांनी.
सहावा टाका चकाकला. गुळगुळीत, पसरट, जसा हवा तसा. भाकर जळाली होती. तशीच खाल्ली.

९ जाने.
खरा डायोड लावायची घाई नाही. त्याच्या जागी साधे तीन ४००७ डायोड आणि एक ओमचा रेझिस्टर, मीटर त्यावर. सेटटॉप बॉक्सचा जुना बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला.
५७.
अडॅप्टर काढून पुन्हा लावला. ५७. अर्धा तास चालू ठेवला, ३१७ जरासा कोमट. तरी ५७!

११ जाने., रविवार
वैशू घरी. डायोड जोडला, तोंड भिंतीकडे. स्विच दाबला.
काही नाही.
"जळी गया," मी म्हटलं. उठून मागच्या दारी जाऊन बसलो. हातच गेलाय तर कशाला हे...
मग आठवलं, एवढी वर्षं गिऱ्हाइकांना काय सांगत आलो? आधी मोजा, मग रडा. परत आलो. डायोडवरचं व्होल्टेज: १.९. म्हणजे शॉर्टही नाही, तुटलेलाही नाही! वैशूने मोबाइलचा कॅमेरा भिंतीकडे धरला. स्क्रीनवर जांभळट ठिपका.
"नाना, हाऊ सीडीना शे! डोयास्ले दिसतच नही!"
दोनातला एक सीडीसाठीचा, इन्फ्रारेड. लगेच बंद केला. न दिसणारा लेसर दिसणाऱ्यापेक्षा वाईट. अडॅप्टरचा कपॅसिटर रिकामा केला, नाहीतर साठलेली वीज दुसऱ्यालाही मारायची. दुसरा डायोड जोडला, पुढे मेलेल्या पॉइंटरातलं भिंग.
लाल! भिंतीवर असा लखलखीत ठिपका की निर्मला स्वयंपाकघरातून ओरडली, "पेटनं का?"
पेटनं. पेटनं!

१७ जाने.
शाळेतून वैशूचा फोन. मागे मुलींचा गलका, निम्मं ऐकूच येईना. लेसरसमोर केस ताणून धरला, दोन मीटरवरच्या भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या, अठरा मि.मी. अंतराने. केसाची जाडी मिलीमीटरचा चौदावा भाग. एक मुलगी पळत जाऊन स्वयंपाकीणबाईंचा केस मागून घेऊन आली. तो जाड निघाला म्हणून बाई खूश.
कुणीतरी विचारलं, हे यंत्र कोणत्या कंपनीचं? वैशू म्हणाली, मन्हा बापनी कंपनीनं.


१९ जाने., सोमवार
मुलींना आता स्वतः लेसरचं सर्किट करायचंय. दर शनिवारी मी वर जाऊन शिकवावं असं मुख्याध्यापक म्हणताहेत. म्हटलं, जीपची पायरी उंच, रस्ता तसला, सोल्डरला हात थरथरतो, मुली काय म्हणतील.
निर्मलाने जीपवाल्याला पुढची सीट विचारूनही ठेवलीय. "चढा तर खरं. मी शे ना मांगे."
अजून हो म्हटलेलं नाही. शनिवारला पाच दिवस आहेत. मुलींच्या पाच बोर्डांसाठी रेझिस्टर तेवढे मीटरवर तपासून वेगळे काढले.